डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव: कर्करोगावरील औषधांचे एक आद्य संशोधक



स्मरणिकांच्या पानांवर इब्न सीना, अल-राझी अशा थोर हकिमांची चरित्रे आपण पुष्कळदा वाचतो आणि ती वाचावीत, यात शंका नाही. परंतु यंदा ज्यांची ओळख करून द्यावयाची आहे ते ना आपल्या समाजाचे, ना आपल्या प्रांताचे. ते आंध्र किनाऱ्यावरील एका गरीब तेलुगू ब्राह्मण कुटुंबात जन्मले आणि अमेरिकेत वारले. तरीही त्यांच्या कार्याची एक मुळी आपल्या मुंबईत, आणि त्यातही गरीब मुसलमान बायकांच्या घरापर्यंत येऊन पोचते. ती कशी, ते ओघाने येईलच.

येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी भीमावरम येथे झाला. हा भाग त्या वेळी मद्रास इलाख्यात मोडत असे. वडील जगन्नाथम महसूल खात्यात नोकरीस होते, पण प्रकृतीमुळे त्यांना नोकरी लवकर सोडावी लागली. घरात सात मुले आणि मिळकत जवळजवळ नाही. सारा भार आई वेंकम्मा यांच्यावर पडला. या बाई शिकलेल्या नव्हत्या, मात्र मुलाने शिकलेच पाहिजे याविषयी त्या विलक्षण हट्टी होत्या. मुलाला मात्र शाळेची गोडी नव्हती. तेराव्या वर्षी तो घरातून पळाला. काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकायची आणि पैसा मिळवायचा, असा त्याचा बेत होता. आईने त्याला शोधून परत आणले आणि पुन्हा शाळेत बसवले. त्याच्या शिक्षणासाठी तिने अंगावरचे दागिने विकले.

एवढे करून मुलगा मॅट्रिकला नापास झाला. पुन्हा बसला, पुन्हा नापास झाला. तिसऱ्या खेपेस मद्रासच्या हिंदू हायस्कुलातून तो उत्तीर्ण झाला.

पालकांनो, येथे क्षणभर थांबा. दहावीत मुलगा एकदा नापास झाला की त्याला गॅरेजवर नाही तर मामूच्या दुकानात बसवायचे, आणि मुलगी नापास झाली तर तिची शाळा कायमचीच संपवायची, हा प्रकार आपल्या मोहल्ल्यांत नवा नाही. वेंकम्माबाईंजवळ पैसा आपल्यापैकी बहुतेकांपेक्षा कमीच होता. दोन निकाल विरुद्ध लागल्यावरही त्यांनी मुलाला तिसऱ्यांदा परीक्षेला बसवले, हे त्या बाईंचे मोठेपण मला त्यांच्या मुलाच्या कित्येक शोधांइतकेच वाटते.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात असताना तरुण सुब्बाराव यांच्या मनाने निराळीच ओढ घेतली. त्यांना रामकृष्ण मिशनमध्ये संन्यासी व्हायचे होते. आईने संमती दिली नाही आणि आईच्या संमतीविना मिशनने घेतले नाही. सेवाच करायची तर वैद्यक शिकावे, हा मार्ग त्यांनी पत्करला व मद्रास मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. १९१९ साली त्यांचे शेषगिरी यांच्याशी लग्न झाले आणि सासऱ्यांनी शिक्षणाच्या खर्चाला हातभार लावला. त्याच सुमारास गांधीजींच्या आवाहनाने देश ढवळून निघत होता. सुब्बाराव शस्त्रक्रियेच्या वेळी खादीचा अंगरखा घालू लागले. शल्यचिकित्सेचे इंग्रज प्राध्यापक ब्रॅडफील्ड यांना ते रुचले नाही. परिणाम असा झाला की, लेखी परीक्षेत चांगले यश मिळूनही त्यांना एम.बी.बी.एस. ऐवजी एल.एम.एस. ही कमी दर्जाची पदवी मिळाली. सरकारी वैद्यकीय सेवेचे दार बंद झाले. मग मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात ते शरीररचनाशास्त्र शिकवू लागले.

या काळातील एक घटना त्यांच्या पुढील आयुष्याशी जोडलेली आहे. त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने स्प्रू नावाच्या रोगाने दगावले. उष्ण प्रदेशातील या रोगात आतड्यांची अन्न शोषण्याची शक्ती जाते. रोगी जेवतो, पण अन्न अंगी लागत नाही. जुलाब होतात, रक्त कमी होते आणि माणूस झिजत जातो. स्वतः सुब्बाराव यांनाही हा रोग जडला होता. आयुर्वेदाचे वैद्य आचंट लक्ष्मीपती यांच्या उपचाराने ते वाचले. भावांना कशाने मारले आणि आपण कशाने वाचलो, या दोन्ही प्रश्नांना त्या वेळच्या वैद्यकाजवळ उत्तर नव्हते.

उष्ण प्रदेशांतील रोगांचा अभ्यास करण्यासाठी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात जायचे त्यांनी ठरवले. प्रवासाला पैसा कोठून आणायचा? थोडा सासऱ्यांनी दिला आणि काकिनाड्याच्या एका धर्मादाय निधीने मदत कबूल केली. शिक्षणसंस्थेसाठी दारोदार वर्गणी मागणाऱ्या आमच्यासारख्यांना हा तपशील वाचून बरे वाटते, हे कबूल करतो. ऑक्टोबर १९२३ मध्ये ते बोस्टनला उतरले. पत्नी गरोदर होती, ती मागे राहिली. तिला मुलगा झाला, पण तो तान्हेपणीच गेला. बापाने मुलाचे तोंड पाहिले नाही. तीन वर्षांत परततो असे सांगून गेलेला हा माणूस पुन्हा हिंदुस्थानात आलाच नाही, आणि शेषगिरीबाईंना पतीचे दर्शन पुन्हा घडले नाही. थोर माणसांच्या चरित्रात ही बाजू दोन ओळींत आटोपण्याची प्रथा आहे. मीही तेच करीत आहे, कारण त्या बाईंच्या मनाचा ठाव घेण्याचा अधिकार आपल्याला नाही. मात्र या शोधांची किंमत कोणी भरली, याचा हिशेब मांडताना त्यांचे नाव गाळू नये.

बोस्टनमध्ये पोट भरण्यासाठी डॉ. सुब्बाराव एका इस्पितळात रात्रपाळीला हमाल म्हणून राहिले. रोग्यांची मलमूत्राची भांडी उचलून धुणे, हे त्यांचे काम. दिवसा ते हार्वर्डच्या प्रयोगशाळेत असत. उष्णकटिबंधीय वैद्यकाची पदविका घेतल्यावर ते सायरस फिस्के या प्राध्यापकांकडे जीवरसायनशास्त्रात काम करू लागले. या दोघांनी रक्तातील व मूत्रातील फॉस्फरस मोजण्याची एक सोपी रीत शोधून १९२५ साली प्रसिद्ध केली. ‘फिस्के-सुब्बाराव पद्धत’ हे नाव जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही परिचित आहे. याच रीतीच्या आधारे त्यांना १९२७ साली स्नायूंत फॉस्फोक्रिएटिन सापडले आणि १९२९ साली ए.टी.पी. हे द्रव्य. आपण हात उचलतो, पापणी लववतो, त्याला लागणारी शक्ती पेशींमध्ये या द्रव्यांच्या रूपाने तयार असते. जर्मनीत कार्ल लोमान यांनाही त्याच वर्षी ए.टी.पी. मिळाले होते. स्नायूंच्या शक्तीचे जे स्पष्टीकरण १९२२ च्या नोबेल पारितोषिकाने मान्य केले होते, त्याची फेरतपासणी या शोधांमुळे करावी लागली.

१९३० मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. पण हार्वर्डने या माणसाला कायमची जागा दिली नाही. शेवटी १९४० साली ते न्यूयॉर्कजवळील पर्ल रिव्हर येथील लेडर्ले या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले आणि लवकरच तेथील संशोधनाचे संचालक झाले. आपल्याकडे विद्यापीठातील संशोधन तेवढे खरे आणि कारखान्यातील ते व्यापारी, अशी एक समजूत आहे. डॉ. सुब्बाराव यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी आठ वर्षे मात्र कारखान्यातच गेली.

आता आपण मुंबईकडे येऊ. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या आणि इतर गरीब स्त्रियांना गरोदरपणात एक विचित्र पंडुरोग होत असे. रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी होत, पण आकाराने फुगलेल्या असत. लोहाने हा आजार बरा होत नसे आणि पुष्कळ बायका बाळंतपणात दगावत. हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये राहून, लेडी टाटा स्मारक निधीच्या मदतीने, विल्सबाईंनी या स्त्रियांचे रक्त तपासले आणि त्यांच्या जेवणाची चौकशी केली. त्यांना असे आढळले की निरनिराळ्या वर्गांतील बायकांमध्ये हा आजार सर्वांत जास्त होता तो गरीब मुसलमान बायकांत, आणि त्यांचेच जेवण सर्वांत निकृष्ट होते. पुढे उंदरांवर व माकडांवर प्रयोग करून त्यांनी दाखवले की दारूच्या भट्टीतील यीस्टपासून बनणाऱ्या मार्माइट नावाच्या स्वस्त पदार्थाने हा आजार बरा होतो. १९३१ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. यीस्टमधील त्या अज्ञात गुणकारी द्रव्याला ‘विल्स घटक’ म्हणू लागले.

हे द्रव्य म्हणजेच फोलिक अॅसिड. १९४१ साली अमेरिकेतील संशोधकांनी चार टन पालक पिळून त्याचा अंश मिळवला, आणि लॅटिन भाषेत पानाला जो शब्द आहे त्यावरून हे नाव दिले. हिरव्या पालेभाज्यांत, डाळींत, कलेजीत ते असते. पण चार टन पालकातून चिमूटभर निघणारे औषध गरिबांच्या काय कामाचे? ते प्रयोगशाळेत बनवता आले पाहिजे. डॉ. सुब्बाराव यांनी लेडर्लेतील रसायनशास्त्रज्ञांची मोठी तुकडी या एका कामाला जुंपली, आणि १९४५ साली फोलिक अॅसिड कृत्रिम रीतीने तयार झाले. त्याचा उपयोग स्प्रूच्या रोग्यांवरही झाला व गुण आला. मद्रासला ज्या रोगाने त्यांचे भाऊ नेले, त्यावर उतारा त्यांच्याच हाताखालच्या प्रयोगशाळेतून निघाला.

विद्यार्थी मित्रांनो, या द्रव्याचे काम नीट समजावून घ्या, कारण पुढील सर्व गोष्ट त्यावर उभी आहे. एका पेशीच्या दोन पेशी व्हायच्या तर पेशीतील डी.एन.ए.ची नक्कल व्हावी लागते. डी.एन.ए.चे जे घटक आहेत, त्यांतील काही बनवताना फोलिक अॅसिडची गरज लागते. ते कमी पडले की पेशी फुगते, पण विभागत नाही. मुंबईच्या त्या बायकांच्या रक्तात दिसणाऱ्या फुगीर पेशींचे कारण हेच. आता उलट विचार करा. ज्या पेशी बेसुमार विभागतात त्यांना हे द्रव्य सर्वांत जास्त लागणार. कर्करोगाच्या पेशी तशाच असतात.

बोस्टनच्या बाल इस्पितळात सिडनी फार्बर नावाचे डॉक्टर ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झालेली मुले पाहत होते. त्या वेळी या रोगाची मुले काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत. कोणतेही औषध नव्हते. फोलिक अॅसिडच्या जातीची द्रव्ये दिल्यावर रोग आवरण्याऐवजी त्याला जोर चढल्यासारखा फार्बर यांना दिसला. मग त्यांना वाटले, फोलिक अॅसिड अडवले तर? डॉ. सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेत तशी द्रव्ये तयार होऊ लागली होती. फोलिक अॅसिडच्या रेणूत अगदी लहानसा फरक करून एक नकली रेणू बनवला, त्याचे नाव अॅमिनोप्टेरिन. कुलपात खोटी किल्ली घालावी आणि ती आतच अडकून बसावी, म्हणजे खरी किल्लीही आत जात नाही, तसा हा प्रकार. पेशी त्याला फोलिक अॅसिड समजून आत घेते, आणि तिचे काम ठप्प होते.

डिसेंबर १९४७ पासून फार्बर यांनी हे औषध मुलांना देण्यास आरंभ केला. गंभीर आजारी अशा १६ मुलांपैकी १० मुलांत सुधारणा झाली. सुजलेली प्लीहा ओसरली, रक्त सुधारले, अंथरुणाला खिळलेली मुले उठून खेळू लागली. जून १९४८ मध्ये हा अहवाल छापून आला. खरे ते सांगितले पाहिजे: ही सुधारणा टिकली नाही. काही महिन्यांत रोग परतला. औषध विषारी होते, तोंड येई, रक्तस्राव होई. पण रसायनाने ल्युकेमिया मागे हटवता येतो, हे या अहवालाने जगासमोर आले.

डॉ. सुब्बाराव यांना पुढचे पाहायला मिळाले नाही. ८ ऑगस्ट १९४८ च्या रात्री ते झोपले ते उठलेच नाहीत. हृदयविकाराने झोपेतच त्यांचा अंत झाला. वय ५३. शेवटच्या त्या एक-दोन वर्षांतच त्यांच्या विभागातून आणखी दोन औषधे बाहेर पडली होती. एक ऑरिओमायसिन, हे टेट्रासायक्लिन जातीचे पहिले जंतुनाशक. ते मातीतील बुरशीसारख्या सूक्ष्मजीवापासून बेंजामिन डगर या सत्तरी ओलांडलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने शोधले. नोकरीतून निवृत्त झालेल्या डगर यांना डॉ. सुब्बाराव यांच्या विभागात काम मिळाले होते. दुसरे हेट्राझान, म्हणजे हत्तीपायावरचे औषध. विदर्भातील वाचकांना ते डी.ई.सी.च्या गोळ्या म्हणून ठाऊक असेल. हत्तीरोग निर्मूलनाच्या मोहिमेत घरोघर येऊन समोर गिळायला लावतात, त्याच या गोळ्या.

अॅमिनोप्टेरिनचे भावंड मेथोट्रेक्सेट अधिक सुरक्षित ठरले आणि तेच टिकले. १९५६ साली अमेरिकेत मिन च्यू ली व रॉय हर्ट्झ यांनी वारेतून उद्भवणाऱ्या आणि फुप्फुसांत पसरलेल्या कर्करोगाच्या स्त्रिया या एका औषधाने बऱ्या केल्या. पसरलेली गाठ केवळ औषधाने पुरती नाहीशी झाल्याचे हे पहिले उदाहरण मानतात. मुलांच्या ल्युकेमियात हेच औषध इतर औषधांच्या जोडीने देण्याची पद्धत पडली, आणि आज प्रगत देशांत अशा १० मुलांपैकी सुमारे ९ मुले वाचतात. हेच मेथोट्रेक्सेट अल्प प्रमाणात संधिवातासाठीही देतात. तुमच्या घरातील नानी किंवा खाला ते घेत असेल, तर एवढे ध्यानात ठेवा की संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत.

आणि फुप्फुसांचा कर्करोग? त्याचे मुख्य कारण तंबाखूचा धूर, आणि बिडी सिगारेटपेक्षा निरुपद्रवी आहे ही समजूत खोटी आहे. विडीला कधी न शिवलेल्यांनाही तो होतो, हेही खरे. फार वर्षे या रोगावर औषधांचा इलाज फारसा चालत नसे. प्रिन्स्टन विद्यापीठातील एडवर्ड टेलर या रसायनशास्त्रज्ञांना विद्यार्थिदशेतच, १९४६ च्या सुमारास, एक गोष्ट वाचून नवल वाटले होते. फोलिक अॅसिडच्या रेणूतील एक कडे आणि फुलपाखरांच्या पंखांतील रंगद्रव्यातील कडे एकाच जातीचे आहे. हे नवल त्यांनी सोडले नाही. कित्येक दशके अशा रेणूंवर काम करून, एली लिली कंपनीच्या सहकार्याने, त्यांनी पेमेट्रेक्सेड हे औषध तयार केले. मेथोट्रेक्सेट मुख्यतः एका विकरावर बसते, हे फोलिक अॅसिडशी संबंधित अशा निदान तीन विकरांना अडवते. फेब्रुवारी २००४ मध्ये अमेरिकेत ते प्रथम अॅस्बेस्टॉसच्या तंतूंनी होणाऱ्या फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगासाठी मंजूर झाले आणि त्याच वर्षी फुप्फुसाच्या कर्करोगासाठीही. सर्व रोग्यांना ते उपयोगी नाही. सूक्ष्मदर्शकाखाली गाठीच्या पेशी पाहून, ज्यांचा कर्करोग स्क्वेमस जातीचा नाही अशांनाच ते देतात. अलीकडे गाठीतील जनुकांचे दोष तपासून गोळ्या ठरवण्याची पद्धत आली आहे. ती ज्यांना लागू पडत नाही अशा पुष्कळांना आजही हेच इंजेक्शन मिळते.

डॉ. सुब्बाराव अमेरिकेचे नागरिक अखेरपर्यंत झाले नाहीत. त्यांच्या जन्मशताब्दीला, १९९५ साली, भारताच्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. एका बुरशीच्या जातीलाही त्यांचे नाव मिळाले आहे. भारतरत्न नाही, नोबेल नाही.

पेमेट्रेक्सेडविषयी एक उपयुक्त माहिती राहिली. सुरुवातीच्या चाचण्यांत या औषधाने काही रोग्यांना फार त्रास झाला. तपास केला तेव्हा दिसले की ज्यांच्या अंगात फोलिक अॅसिड आधीच कमी, त्यांना विषबाधा अधिक होते. तेव्हापासून इंजेक्शनच्या आधी आठवडाभर फोलिक अॅसिडची लहान गोळी रोज सुरू करतात, बी-१२ चे इंजेक्शन देतात, आणि शेवटच्या मात्रेनंतरही तीन आठवडे ती गोळी चालू ठेवतात. आपल्या घरी कोणी हे उपचार घेत असेल, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील ही चार आण्यांच्या मोलाची गोळी किरकोळ समजून घ्यायची सोडू नका. प्रसूतिगृहात गरोदर बायकांना वाटतात त्या गोळीत लोहाबरोबर हेच द्रव्य असते.